जुने सॉफ्टवेअर : हक्क कोणाचा आणि कुठवर?

एका तालुक्याच्या ठिकाणी शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासाठी भरलेल्या प्रशिक्षणवर्गात दुपारच्या सत्रात एका मुख्याध्यापकांनी पुठ्ठ्याचे एक खोके टेबलावर आणून ठेवले. त्यात काळ्या फ्लॉपी होत्या, सीडी होत्या आणि दोन-चार मळकी माहितीपुस्तके होती. एका कार्यालयाने शाळेला आपले जुने संगणक दिले, त्यांबरोबर हे खोकेही आले होते. त्यांचा प्रश्न सरळ होता. ‘‘साहेब, यातले निम्मे प्रोग्राम कंपन्या आता विकत नाहीत. काही कंपन्याही राहिल्या नाहीत. मग हे आता सर्वांचेच झाले ना? मुलांना उतरवून दिले तर चालेल का?’’

सभागृहातील बहुतेकांचे मत ‘चालेल’ असे पडले. माझेही मत तेच होते, हे येथे कबूल केले पाहिजे. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून संगणकशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. परंतु प्रश्न मनातून जाईना, म्हणून कायदा वाचला, जाणकारांना विचारले, आणि आपण सर्वजण चुकलो होतो असे आढळून आले. ती चूक कोणती, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पडीक जमीन म्हणजे गायरान नव्हे

गावातील एखादी जमीन वर्षानुवर्षे पडीक असते. मालक मुंबईला, वारस त्याहून दूर. कुंपण मोडलेले, बांध वाहून गेलेला. तरीही ती जमीन गायरान होत नाही, हे पंचायतीच्या सदस्यांना सांगावयास नको. उताऱ्यावर नाव आहे तोवर ती त्या नावाची. सॉफ्टवेअरच्या बाबतीत हीच गोष्ट आपण विसरतो. विक्री थांबली, कंपनीने लक्ष काढून घेतले, नवी आवृत्ती आली, म्हणजे जुनी आवृत्ती बेवारस झाली अशी आपली समजूत होते.

पुस्तकाचे उदाहरण घेतले म्हणजे मुद्दा अधिक स्पष्ट होईल. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे मोजली जातात. त्या हिशेबाने ‘श्यामची आई’ १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त झाली. आता ती कोणीही छापू शकतो. हे पुस्तक बाजारात मिळत होते की नव्हते, याचा त्या हिशेबाशी काहीच संबंध नाही. उलट, चाळीस वर्षे पुनर्मुद्रण न झालेले आणि जुन्या बाजारातही न सापडणारे पुस्तक अजून प्रताधिकाराखाली असू शकते. दुर्मीळ होणे आणि मुक्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

संगणक आज्ञावली, म्हणजे ज्याला आपण प्रोग्राम किंवा सॉफ्टवेअर म्हणतो ती, भारतीय कायद्याने ‘साहित्यकृती’ मानली आहे. प्रताधिकार अधिनियम १९५७ चा. १९८४ च्या सुधारणेने आज्ञावली त्यात आली आणि १९९४ च्या सुधारणेने तिची स्वतंत्र व्याख्या झाली. त्यामुळे कविता आणि वेतनपत्रके काढणारी आज्ञावली कायद्याच्या एकाच पंक्तीत जेवावयास बसतात. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोरांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपत होता. त्या सुमारास ती साठ वर्षे करण्यात आली आणि टागोरांचे साहित्य २००२ पासून मुक्त झाले. म्हणजे कवीसाठी वाढविलेली मुदत संगणकाच्या आज्ञावलीलाही आपोआप लाभली. माझ्या मते ही मुदत या क्षेत्राला शोभत नाही. तीस वर्षांचा प्रोग्रामर १९९० मध्ये एखादी आज्ञावली लिहितो, पुढे वयाच्या ऐंशी वर्षांपर्यंत जगतो, तर ती आज्ञावली २१०० अखेर मुक्त होणार. अनेकांनी मिळून लिहिली असेल तर शेवटच्या लेखकाच्या निधनापासून मोजावयाचे. लेखकाचे नावच प्रसिद्ध केलेले नसेल, किंवा ते शासकीय काम असेल, तर प्रसिद्धीपासून साठ वर्षे. फ्लॉपीवरील चुंबकीय नोंद इतकी वर्षे टिकत नाही. कायद्याने वस्तू मुक्त होईल तेव्हा ती वस्तूच उरलेली नसेल, असा हा प्रकार आहे.

अमेरिकेत, जेथे आपल्या वापरातील बहुतेक सॉफ्टवेअर जन्मले, तेथील हिशेब निराळा आहे. कंपनीने नोकरांकडून करून घेतलेल्या कामाची मुदत प्रसिद्धीपासून ९५ वर्षे किंवा निर्मितीपासून १२० वर्षे, यांपैकी जी आधी संपेल ती. १९८१ साली बाजारात आलेली डॉसची पहिली आवृत्ती या गणिताने १ जानेवारी २०७७ रोजी मुक्त होते.

आता त्या सभागृहातील समजुतींकडे वळू. विंडोज एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज सातचा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज दहाचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. आधार बंद, याचा अर्थ दुरुस्त्या मिळणार नाहीत एवढाच. हक्क जसाच्या तसा राहतो. २०२० मध्ये एक्सपीचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, चोरवाटेने बाहेर पडला. चोरीचा माल चव्हाट्यावर आला म्हणून तो चव्हाट्याचा होत नाही. कंपनी बुडाली तरी तिचे हक्क मालमत्तेप्रमाणे कोणाकडे तरी जातात. मात्र जमिनीच्या फेरफाराची नोंद जशी तलाठ्याकडे होते, तशी प्रताधिकाराच्या हस्तांतराची सक्तीची नोंद कोठेही होत नाही, आणि खरी अडचण तेथून सुरू होते.

युनिक्सची कथा

ही अडचण समजून घेण्यासाठी युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांचे प्रकरण पाहण्यासारखे आहे. शिक्षकांना त्यात विशेष रस वाटेल, कारण त्याची सुरुवात वर्गातूनच होते.

युनिक्स ही संगणक चालविणारी मूलभूत प्रणाली. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रचावयास घेतली. बेल प्रयोगशाळा एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची. १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे या कंपनीला दूरध्वनीबाहेरच्या धंद्यात शिरता येत नव्हते. त्यामुळे युनिक्स विकण्याऐवजी विद्यापीठांना नाममात्र शुल्कात सोर्स कोडसह परवान्यावर देण्यात आली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन लायन्स यांनी १९७५ च्या सहाव्या आवृत्तीवर ओळीगणिक भाष्य लिहून विद्यार्थ्यांना शिकविले. पण सातव्या आवृत्तीच्या परवान्यात कंपनीने असे शिकविण्यास मनाई केली. लायन्स यांचे भाष्य पुढे कित्येक वर्षे झेरॉक्सच्या झेरॉक्स अशा स्वरूपात हातोहात फिरत राहिले आणि अधिकृतपणे छापले गेले ते १९९६ मध्ये. अॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाउम यांना वर्गात शिकविण्यासाठी कोड उरला नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच एक लहान प्रणाली लिहिली व १९८७ मध्ये पुस्तकासह प्रसिद्ध केली. तिचे नाव मिनिक्स. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला तो मिनिक्स हाताळतच. परवान्यातील एका अटीने किती दूरचे परिणाम घडतात, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दरम्यान कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत युनिक्समध्ये भर घालण्याचे काम चालू होते. १९९१ पर्यंत तेथील मंडळींनी एटी अँड टीचा जवळजवळ सर्व मजकूर बदलून आपला नवा घातला आणि तो सर्वांना खुला केला. त्यावर आधारित प्रणाली बीएसडीआय नावाची छोटी कंपनी विकू लागली. तेव्हा एटी अँड टीची उपकंपनी १९९२ मध्ये न्यायालयात गेली. न्यू जर्सीच्या जिल्हा न्यायालयाने १९९३ मध्ये तात्पुरता मनाईहुकूम नाकारला, आणि त्याचे एक कारण फार उद्बोधक होते.

अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याने प्रसिद्ध होणाऱ्या कृतीवर प्रताधिकाराची सूचना, म्हणजे वर्तुळातील ‘सी’, वर्ष आणि मालकाचे नाव, छापणे आवश्यक होते. १९७८ पूर्वी ही सूचना राहिली तर हक्क बहुधा गेलाच. १९७८ ते फेब्रुवारी १९८९ या काळात पाच वर्षांच्या आत नोंदणी करून आणि उरलेल्या प्रतींवर सूचना घालण्याचा रास्त प्रयत्न करून चूक सुधारता येत असे. १ मार्च १९८९ पासून, अमेरिका बर्न करारात आल्यावर, सूचनेची सक्ती गेली. १९७९ च्या ‘३२व्ही’ नावाच्या युनिक्स आवृत्तीच्या प्रती अशा सूचनेवाचून वाटल्या गेल्या होत्या. एवढ्या वाटपानंतर तिचा हक्क टिकला आहे असे कंपनीला सिद्ध करता येण्याचा संभव कमी, असे न्यायाधीशांना दिसले. वर्तुळातील एक अक्षर न छापल्यामुळे जगातील एका महत्त्वाच्या प्रणालीची मालकी डळमळीत झाली! मात्र हा अंतिम निकाल नव्हता. १९९४ च्या आरंभी पक्षांनी तडजोड केली. सुमारे अठरा हजार फाइलींपैकी तीन काढावयाच्या आणि आणखी काहींत किरकोळ बदल करावयाचे, असे ठरले. ३२व्ही मुक्त आहे की नाही, हा प्रश्न अनिर्णित राहिला.

तोवर युनिक्सचा धंदा हातोहात फिरू लागला होता. १९९३ मध्ये तो नोव्हेल कंपनीने घेतला, १९९५ मध्ये नोव्हेलने तो सांताक्रूझ ऑपरेशन या कंपनीस दिला, २००१ मध्ये तो कॅल्डेराकडे आला. जानेवारी २००२ मध्ये कॅल्डेराने एक पत्र काढून पहिल्या सात आवृत्त्या व ३२व्ही उदार परवान्याखाली सर्वांना खुल्या केल्या. अट एवढीच, की सूचना व नावे कायम ठेवावीत. जगभरच्या अभ्यासकांना आनंद झाला. परंतु हीच कंपनी पुढे एससीओ ग्रुप हे नाव घेऊन युनिक्सच्या हक्कांसाठी इतरांशी भांडू लागली, तेव्हा नोव्हेलने सांगितले की आम्ही धंदा विकला, प्रताधिकार विकलेच नव्हते. मार्च २०१० मध्ये ज्यूरीने नोव्हेलचे म्हणणे मान्य केले आणि २०११ मध्ये वरिष्ठ न्यायालयातही ते टिकले.

मग २००२ च्या त्या पत्राचे काय? ज्याने दिले तो प्रताधिकाराचा मालक नव्हता, असे आठ वर्षांनी ठरले. परवाने देण्याचा अधिकार त्याला करारान्वये होता, असे काहींचे म्हणणे आहे. त्या पत्राच्या आधारे जुन्या आवृत्त्या आज खुलेपणाने अभ्यासल्या जातात. पण कागद तपासताना ‘परवानगी आहे का’ एवढेच विचारून भागत नाही. ‘देणाऱ्याला देण्याचा हक्क होता का’ हेही विचारावे लागते. जमिनीच्या व्यवहारात आपण हे सहज विचारतो.

या कथेची आणखी एक शाखा आहे. त्याच प्रयोगशाळेच्या आठव्या, नवव्या व दहाव्या आवृत्तीबाबत नोकिया बेल लॅब्ज व अल्काटेल-ल्युसेंट यांनी २०१७ मध्ये असे जाहीर केले, की बिगर-व्यापारी वापरासाठी आम्ही आमचा हक्क बजावणार नाही. हे हक्कदान नव्हे; ‘आम्ही दावा लावणार नाही’ असा केवळ शब्द आहे. पहिल्या सातांची स्थिती निराळी, या तिघांची निराळी. एकाच नावाच्या सॉफ्टवेअरची प्रत्येक आवृत्ती ही कायद्याच्या दृष्टीने आपापल्या नशिबाची असते.

डॉसचेही तसेच. मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये तिच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा कोड संगणक इतिहासाच्या संग्रहालयामार्फत केवळ अभ्यासासाठी दाखविला. २०१८ मध्ये १.२५ व २.० या आवृत्त्या आणि २०२४ मध्ये ४.०० ही आवृत्ती एमआयटी परवान्याखाली पूर्ण खुली केली. म्हणून शाळेच्या खोक्यातील पाच किंवा सहा क्रमांकाची डॉस त्या आधारे कोणी वाटू लागला तर तो चुकेल. उलट बाजूही खरी आहे. एकदा खुली झालेली जुनी आवृत्ती, पुढची आवृत्ती बंद झाली तरी, त्या परवान्याच्या अटींनुसार खुलीच राहते.

आणि खुला परवाना म्हणजेही प्रताधिकारमुक्ती नव्हे. परवान्यात मालक कायम असतो व अटी पाळाव्या लागतात. खरोखर सार्वजनिक केलेल्या सॉफ्टवेअरचे ठळक उदाहरण म्हणजे एसक्यूलाइट ही माहिती साठविण्याची आज्ञावली. आपल्या खिशातील मोबाइलमध्येही ती बहुधा आहे. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये ती निर्माण केली व तिच्यावरील हक्क सोडून दिले. तरीही काही संस्थांना हक्क सोडल्याचा कागद हवा असतो, म्हणून ते लेखी हमीपत्र शुल्क घेऊन देतात. मुक्त वस्तूलाही दाखला लागतो, हे वाचून आपल्या कार्यालयांतील मंडळींना हसू येईल.

आपल्या कपाटातील वस्तू

आपल्याकडे जाणूनबुजून बेकायदा प्रत संगणकावर वापरल्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद कलम ६३ख मध्ये आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यापारासाठी नसेल तर न्यायालय विशेष कारणे नमूद करून कैद माफ करू शकते व पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. शाळा आहे म्हणून सर्व माफ, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही.

परंतु हाच कायदा कायदेशीर प्रत बाळगणाऱ्यास बरेच काही देतो, आणि ते फारसे कोणी सांगत नाही. ज्या कामासाठी आज्ञावली घेतली त्या कामासाठी तिची प्रत करणे किंवा तीत आवश्यक फेरफार करणे, हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून जादा प्रत ठेवणे, ती कशी चालते याचा तिच्या चालण्यावरून अभ्यास करणे, दुसऱ्या आज्ञावलीशी तिची सांगड घालण्यासाठी लागणारी व सहज न मिळणारी माहिती काढणे, हे सर्व कलम ५२ प्रमाणे उल्लंघन नव्हे. म्हणून झिजत चाललेल्या फ्लॉपीची प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवण्यास, मूळ खरेदी रीतसर असेल तर, बिचकण्याचे कारण नाही. पण मूळ खरेदीचा पुरावा हवा. आपल्या कार्यालयांत संगणक जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढतो, सॉफ्टवेअर चढत नाही. पावती एका फाइलमध्ये, परवाना क्रमांक दुसऱ्या टेबलाच्या खणात, आणि संगणक निर्लेखित झाला की तिघांची फारकत होते.

एक अनुभव सांगतो. मी पूर्वी ज्या कार्यालयात होतो तेथे जुनी मराठी प्रसिद्धिपत्रके युनिकोडपूर्व काळातील एका फाँटमध्ये टंकलेली होती. तो फाँट ज्या सॉफ्टवेअरबरोबर आला ते चालविण्यासाठी संगणकाच्या मागे एक छोटे कुलूप, ज्याला डोंगल म्हणत, लावावे लागे. डोंगल हरवला. फाइली आहेत, उघडतात, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बदलीवर आलेल्या एका लिपिकाने, ‘कुठून तरी जुनी प्रत मिळवतो साहेब’, असे सुचविले. आम्ही ती मिळविली नाही, परंतु तो मजकूर वाचता येणे वर्षभर लांबले.

येथे एक गोष्ट समजून घेणे अगत्याचे आहे. सॉफ्टवेअरवरील हक्क कंपनीचा असला तरी त्यात टंकलेला मजकूर कंपनीचा होत नाही. ठराव ग्रामपंचायतीचा, प्रसिद्धिपत्रक कार्यालयाचे. फाँटमधील कोणत्या खुणेला कोणते अक्षर, हे ओळखून मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे साधन कोणी स्वतः लिहिले तर त्याने मूळ सॉफ्टवेअरची नक्कल केली असे होत नाही. आमचा मजकूर शेवटी अशाच मार्गाने वाचता आला. कुलूप तोडण्याविषयी २०१२ च्या सुधारणेने कलम ६५क आले. त्यातील गुन्हा हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याचा आहे. आणि कायद्याने मना न केलेल्या कामासाठी दुसऱ्यास तसे करण्यास मदत करणाऱ्याने त्याचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची संपूर्ण नोंद ठेवावयाची आहे.

मालक सापडतच नसेल तर कलम ३१क प्रमाणे अनिवार्य परवान्यासाठी अर्ज करण्याची वाट आहे. त्यापूर्वी वृत्तपत्रांत जाहिरात द्यावी लागते. पूर्वी हे काम प्रताधिकार मंडळाकडे होते. २०२१ नंतर ते न्यायालयाकडे गेले. एका शाळेने एका जुन्या खेळासाठी हा उपद्व्याप करावा असे मी सुचविणार नाही. बहुतेक वेळा मालक सापडतो आणि साधे पत्र लिहिलेले पुरते.

अखेर, जे शिक्षक स्वतः आज्ञावल्या लिहितात त्यांच्याविषयी. हजेरीपत्रक, निकालपत्रक, पोषण आहाराचा हिशेब यांसाठी कित्येकांनी छान साधने तयार केली आहेत व ती तालुकाभर फिरत आहेत. नोकरीतील नेमून दिलेल्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला हक्क, वेगळा करार नसल्यास, नियोक्त्याचा असतो. घरी, स्वतःच्या हौसेने केलेली कृती लेखकाची. आपल्या देशात सूचना छापली नाही म्हणून हक्क जात नाही, तेव्हा ३२व्हीसारखा प्रसंग येथे येणार नाही. पण त्याची दुसरी बाजू अशी, की सूचना नसलेल्या साधनाला पुढचा शिक्षक हात लावू शकत नाही. तीन आवृत्त्या फिरत असतात, कोणती कोणाची ते समजत नाही, लेखक निवृत्त झालेले असतात. हक्क पूर्णपणे सोडावयाचा असेल तर कलम २१ प्रमाणे प्रताधिकार निबंधकांकडे नोटीस देता येते किंवा जाहीर सूचना काढता येते. तेवढे करावयाचे नसेल तर प्रत्येक आवृत्तीबरोबर एक साधी मजकूर-फाइल ठेवावी : लिहिणाऱ्याचे नाव, वर्ष, आवृत्तीचा क्रमांक, आणि ती कोणी वापरावी, बदलावी, पुढे द्यावी याविषयी दोन वाक्ये. त्या खोक्यात, सर्वांत खाली, एका शिक्षकाने १९९८ मध्ये केलेल्या निकालपत्रकाची फ्लॉपी होती. तिच्या लेबलवर पेनने लिहिले होते : ‘कोणीही घ्या, चूक आढळल्यास कळवा.’